काकवी

दोन दिवस परसाकडे काळं होत होतं,
डांबरासारखं, चिकट,
आणि वास असा की दारातल्या गाढवानं मान फिरवावी.
बाबा म्हणाले, परवा काकवी खाल्ली ना,
तिळाच्या कुटात कालवून, चार भाकऱ्यांबरोबर.
काकवी काळी, म्हणून तेही काळं.
हिशेब चोख होता. आम्ही मान्य केला.

तिसऱ्या दिवशी जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले.
कपाळाला गार घाम.
म्हणाले, दिवा कुणी बारीक केला?
दिवा लावलेलाच नव्हता.
दुपारचे दोन वाजले होते, बुहैरातल्या ऑगस्टचे.

मग घमेल्यात उलटी.

माझी आई, बहीया, गावभर कॉफीचे पेले वाचते.
पेला बशीत पालथा घालायचा, थांबायचं,
मग चोथ्याच्या ओघळांत तिला दिसतं:
कुवेतला गेलेला मुलगा, लांबलेलं लग्न,
एकदा तर चुकलेली म्हैससुद्धा.
घमेल्यात तोच चोथा होता,
दाणेदार, काळपट तपकिरी.
ती सवयीनं वाकली
आणि काहीच बोलली नाही.

इस्पितळात डॉक्टर मॅग्दा
एका हातानं शीर शोधत विचारत होत्या.
गुडघेदुखीच्या गोळ्या?
रोज दोन, अनशापोटी, चहाबरोबर.
पोटात जळजळ?
ती वडिलोपार्जित.
दारू?
बाबांनी असं पाहिलं
की त्यांनी तो रकाना स्वतःच भरला.
लहानपणी कालव्यात डुंबायचात?

बाबा हसले. अंगात रक्त उरलं होतं तेवढं हसले.
"बाई, नाहीतर कुठे डुंबणार?
पोरांना लाल लघवी व्हायची,
आम्हाला वाटायचं, मोठे झालो.
मग शाळेत सुया टोचायला यायचे.
काचेची एक पिचकारी, अख्खा वर्ग."
डॉक्टरांचं पेन थांबलं, मग पुन्हा चाललं.

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं:
गोगलगाय, तिच्यातून निघालेला किडा,
चट्ट्यांनी दगड झालेलं यकृत,
वाट न मिळालेलं रक्त,
अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा.
शहाता, माझे बाबा,
एकतीस वर्षं कालव्याचं दार चालवलेला माणूस,
चित्राकडे बघत म्हणाले,
"दार बंद आहे, वरून पाणी येतंच आहे.
बांध दाराशी फुटत नाही, बाई.
माती मऊ असते तिथे फुटतो."

फुटला. रात्री अकराला.
या वेळी चोथा नव्हता, गुठळ्या नव्हत्या,
नुसतं लाल, ताजं,
नळ सोडावा तसं.
मी त्यांचं मनगट धरलं होतं;
नाडी इतकी भराभर
की मोजताना आकडे मागे पडत होते.
चार बाटल्या रक्त चढलं,
दोन माझ्या मामेभावांचं.
घशातून नळी गेली,
फुगलेल्या शिरांना सहा रबरी कडी बसली.

अकराव्या दिवशी घरी आले.
तेव्हापासून रोज सकाळी
आतूनच ओरडतात, "पिवळं!"
गल्लीला ऐकू जातं.
आई "लाज नाही," म्हणते, आणि चहा ठेवते.

त्यांचा कॉफीचा पेला मात्र
ओला असतानाच विसळून टाकते.
काकवीची बरणी फळीवर तशीच आहे,
अर्धी भरलेली.
परवा मी झाकणाला हात लावला,
तर दोघंही एकदम बोलले.

"नको.
मग कळायचं कसं?"