एक क्लॅम्प कमी

लकडगंजात मे महिन्यात, दुपारी दोनला,
सरस डब्यातच साय धरतो.
हे आधीच सांगून ठेवते,
म्हणजे पुढची घाई कळेल.

टेबल इंदोऱ्याच्या वाचनालयाचं.
सात फूट लांब, पाच फळ्या सागाच्या,
मोडीत काढलेल्या एका गिरणीच्या दारांतून आलेल्या,
खिळ्यांची भोकं गंजानं काळी.
कडा मी रंधून जुळवल्या,
दोन-दोन फळ्या खिडकीशी धरल्या,
सांध्यातून उजेड आला नाही.
दसरूजी नुसतं "हं" म्हणाले.
त्या एका "हं"साठी मला चार वर्षं लागली.

मग भिंतीवरचे काढले.
पट्टीचे दोन, बिडाचे, त्यांच्या सासऱ्यांच्या हातचे,
मुठी झिजून जांभळासारख्या गुळगुळीत.
पाइपचा एक, नळवाल्याकडून जुळवून घेतलेला.
एक इस्राईलभाईंकडून मागून आणलेला,
संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर.
बाकी सगळे छोटे, सी आकाराचे,
त्यातल्या एकाचे आटे गेलेत;
आवळला की आवळल्यासारखं करतो
आणि पाठ फिरली की सुटतो.
त्याला ते जावई म्हणतात.

"छोट्या कामाले मोठा लावू नको वो,
त्याच्याच वजनानं जोड वाकते.
आन मोठ्या कामाले छोटे दहा लावले
तरी ते दहा छोटेच."

आधी कोरडी तालीम.
एक वरून, एक खालून, पुन्हा एक वरून,
जबड्याखाली आंब्याच्या लाकडाचे तुकडे,
लोखंड आणि साग यांच्यामध्ये पेपराची पट्टी,
नाहीतर ओल्या सरसात काळा डाग उमटतो
आणि तो मग रंध्याला जुमानत नाही.
मोजले. चार.
लागणार होते पाच.

क्लॅम्प कधी पुरत नाहीत.
ज्याच्याकडे चाळीस आहेत
तोही एकेचाळिसावा शोधत असतो.

तरी सरस लावला. कारण साय धरत होती.
मी दांडी धरून पिळायला लागले,
आणखी एक आटा, आणखी अर्धा,
सांध्यातून सरसाच्या धारा लागल्या.
"थांब न! चोर पकडला का?
सारा सरस बाहेर काढून रायली तू.
जोड उपाशी मरन."
मग अर्धा फेरा मागे.
धार नको; मोहरीएवढे थेंब, रांगेनं,
सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तेवढंच.

आणि तेव्हाच मधल्या फळ्या उठल्या.
पाचवा जिथे वरून यायचा होता नेमकं तिथे,
पापडाला फोड यावी तशा.
छोट्यांचे हात तिथवर पोचेनात.
मी इकडे तिकडे पाहिलं: वीट, बॅटरी,
पाण्याचा कॅन, बंद कूलरची मोटार.
वीज गेलेली. इस्राईलभाईंचं शटर अर्धं खाली.

दसरूजींनी एक जाड पट्टी आडवी टाकली,
खाली पेपर सरकवला, धोतर सावरलं
आणि तिच्यावर जाऊन बसले.
फळ्या खाली गेल्या.
मी गुण्या लावून पाहिला. सपाट.

"किती वेळ?" मी विचारलं.
"तू चहा सांग."

चहा आला तेव्हा ते झोपलेले होते,
हनुवटी छातीवर, हात मांडीवर,
उजव्या हाताचं ते कापणं
झोपेत थांबलेलं.
चहाच्या पोऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी बोट ओठावर ठेवलं.

चहावर साय आली. सरस वाळला.
साडेपाचला इस्राईलभाई क्लॅम्प न्यायला आले
आणि दारातूनच, चपला न वाजवता,
"उद्या नेतो" असं खुणेनं सांगून गेले.

टेबल आता इंदोऱ्यात आहे.
स्पर्धा परीक्षेची पोरं त्यावर कोपरं टेकून बसतात.
मी गेले होते एकदा, पॉलिश बघायला म्हणून.
मधल्या सांध्यावरून नख फिरवलं,
ते कुठेच अडलं नाही.
समोरची मुलगी म्हणाली, काही हरवलंय का?