एकास पन्नास

सूर नावाच्या या गावात पहाटे
सूर लागत नाही, वास लागतो:
किनाऱ्यावर वाळत घातलेल्या तारल्यांचा.

हमूद मला डोकी फुकट देतो.
गच्चीवरच्या निळ्या पिंपात
डोकी, शेपट्या, आतडी,
गूळ संपलाय म्हणून खजुराची काकवी,
आणि झाकण सैल, नाहीतर पिंप फुगतं.
फुगलं होतं एकदा.
जिन्यापर्यंत आलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या मोझाबाई
नाकाला ओढणी लावून विचारतात,
"वर कोण मेलंय?"
मी म्हणतो, मेलंय त्याचा टोमॅटो होतोय.
त्या हसत नाहीत.

एकविसाव्या दिवशी गाळलं
की उरतं कोऱ्या चहासारखं पाणी.
एक माप ते, पन्नास मापं साधं.
पहिल्या वर्षी हावरटासारखी
दहाच मापं घातली;
पानं कडेकडेनं करपत गेली,
मी रोज बघत राहिलो,
जास्त पाजण्याइतकं सोपं काही नसतं.

जानेवारीत फळांच्या बुडाशी काळे डाग.
मग अंड्यांची टरफलं व्हिनेगरात विरघळवून
तीही पाजली, पातळ, अगदी पातळ.

फेब्रुवारीत पहिला पिकला
तो उन्हासकट तोंडात टाकला.
मासळी कुठेच नव्हती त्यात,
खजूरही नव्हता.
मीठ शोधायला खाली गेलो नाही.

सात टोमॅटो वाडग्यात घालून
मोझाबाईंच्या दारात ठेवले, बेल वाजवून पळालो.

सकाळी वाडगा परत, माझ्या उंबऱ्यावर.
वर कागद, घट्ट दोऱ्यानं बांधलेला.
आत सुरमईचं डोकं,
कल्ल्यांसकट.