धुरा

लाखांदूरच्या दवाखान्यात त्या पोरीनं
माझा गुडघा दोन्ही हातांत धरला,
वाकवला, आतलं काही ऐकू येतंय तशी थांबली,
म्हणाली, मावशी, रोज दहा पावलं उलटं चालायचं.
मागे. हळू. पाठ ताठ.
मला हसूच आवरेना.
बाई, जन्मभर मी दुसरं काय केलं?

पोटरीभर चिखल,
डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी,
चार काड्या खोवायच्या, एक पाऊल मागे,
चार काड्या, मागे.
समोर बांदी हिरवी होत जायची
आणि आपण कुठे चाललो
ते फक्त टाचेला ठाऊक.
टाच धुऱ्याला लागली की कंबर सरळ करायची,
घोटभर पाणी, तंबाखूची चिमूट,
पुढची बांदी.

पण ते वाकून. हे ताठ.
पहिल्या दिवशी हात आपसूक खाली गेले,
अंगणात रोवायला काहीच नव्हतं.

फगनीचा नातू कुडाआडून बघतो.
"आजी, चेटकिणीचे पाय उलटे असतात ना?"
म्हटलं, ये, बघ. पाय सरळच आहेत बाबू,
चाल तेवढी उलटी.
आता तोच मोजायला बसतो.
सात दोनदा म्हणतो,
म्हणून माझी अकरा होतात.

यांना खुर्चीवरून उठायचं सांगितलंय,
हात न टेकता, दहादा.
हे टेकतात.
त्यांना वाटतं, म्हातारी गेली अंगणाच्या टोकाला.
अहो, मी उलटी चालते,
तोंड तुमच्याकडेच आहे!

मार्गशीर्ष उतरला. धान घरात आलं,
तणसाच्या ढिगावर दव.
यंदा अर्ध्या गावाचा रोवणा मशीननं उरकला,
बसायला माणूस एक, तोही परगावचा.
आता कौतिका येते, खुब्यात सळई घातलेली,
झेलाबाई येते, काठी भिंतीला टेकवून ठेवते
आणि जाताना विसरते. आम्ही आठवण करत नाही.
समाजमंदिरापुढे ओळीत उभ्या राहतो
रोवण्याला राहायचो तशा,
आणि कोण पुढे गेली,
म्हणजे मागे,
यावरून अजून भांडतो.

काल मी अडतीस चालले.
गुडघा कुरकुरला, गप्प झाला.
टाच मागे चाचपत होती,
धुरा आता लागेल, आता लागेल.
नाही लागला.