चौथी विहीर

कुडचड्याच्या अलीकडे, उतारावरच्या एका वाड्यावर
एस्मेराल्दाबाई म्हणाली, "बांय बरी ना."
मी घाटावरचा. मला ऐकू आलं, बाई बरी नाही.
विचारलं, डॉक्टरला दाखवलं का?
ती हसली नाही.
कळशी माझ्या नाकाशी धरली.
पाण्याला डिझेलच्या रांगेचा वास होता.

तिरुचेंगोडहून आलेला सेल्वम
आधी चाकाखाली लिंबू ठेवतो
आणि मग जांभ्यात दात रोवतो.
सहा मीटर नुसती लाल भुकटी,
आमच्या भुवयांवर, गाडीच्या काचेवर,
दोरीवरच्या कुणाच्या तरी लंगोटांवर.
मग पिवळी शेड, साबणासारखी हाताला लागणारी.
मग एकदम गार.
नळी उतरते, चिरा पाडलेला भाग खाली,
भोवती चाळलेली रेती,
वर बेंटोनाइटच्या गोळ्या,
ज्या पाणी पिऊन फुगतात
आणि नळीभोवतीची फट गच्च मिटून घेतात.
शेवटी लोखंडी झाकण. कुलूप.

"कुलूप कित्याक?"
मी सांगितलं, ही प्यायची विहीर नाही.
ही बघायची.
मनगटाएवढ्या त्या भोकाकडे ती बघत राहिली.
"राजू ना, कळसो ना.
ही कसली बांय?"

दोषी कोण, ते सगळ्या वाड्याला ठाऊक होतं.
रस्त्यालगतचा पंप.
मालक प्रियोळकर रोज चार वाजता
आम्हाला चहा आणि मिरचीभजी पाठवी,
तीही वाड्यानं पुराव्यात धरली.
म्हणून एक, दोन आणि तीन
पंपाच्या आणि बांयच्या मध्ये.
चौथी वरच्या अंगाला, फणसाखाली,
जिथे काहीच नसणार.
तसा नियमच आहे,
एक विहीर निर्दोष पाण्यात खणायची,
बाकीच्यांना तिच्याशी ताडून बघायला.

आठवड्यानं परत आलो.
एक, स्वच्छ.
दोन, स्वच्छ.
तीन जरा गढूळ, पण वास नाही.
मोजपट्टीचं असं आहे,
पाणी लागलं की ती तुटक टिकटिकते,
तेल लागलं की एकच सूर धरते.
चौथीत, अकरा मीटरवर,
तिनं सूर धरला
आणि चार बोटं खाली जाईपर्यंत सोडला नाही.
मी पट्टी पुसली, पुन्हा सोडली.
सेल्वमनं गाडीतला रेडिओ बंद केला.
बेलर वर आला तेव्हा पाण्यावर
मधाच्या रंगाचा थर डुचमळत होता, दिसायला सुंदर.

एस्मेराल्दाबाई बांयच्या कठड्यावर टेकली.
फणसाकडे बघत म्हणाली,
हळू, माझ्यासाठी मराठीत,
"खाण बंद पडली त्या वर्षी इनासनं टाकी पुरली.
दोन टिप्पर होते, हप्ते होते,
आणि स्वस्तात घेऊन ठेवलेलं डिझेल.
म्हणाला, महिन्याभरात सुरू होईल.
टिप्पर भंगारात गेले.
इनास सिमेतरीत.
डिझेल तेवढं घरी राहिलं."

अहवालात एक रकाना असतो, संभाव्य स्रोत.
दिवे लागेपर्यंत मी तो कोराच ठेवला.
मग लिहिलं, जमिनीखालची टाकी, जुनी, वापरात नसलेली.
अक्षर माझं नेहमीपेक्षा बारीक आलं.

"आधी प्रियोळकराला सांग," ती म्हणाली.
"वाड्यानं त्याचा चहा वाईट करून टाकला."
मग विचारलं, परत कधी येणार बघायला?
तीन महिन्यांनी, मी म्हटलं. आणि मग दर तीन महिन्यांनी.
किती वर्षं, ते तिनं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरची पानं उलटून
तिनं तारखेवर खूण केली,
इनासच्या मिसाच्या एक ओळ खाली.