साडेपाचच्या अलीकडे

कॉर्नर ब्रुकच्या मुलीने पोटावर गार जेल चोपडलं,
पडद्यावर दोन फुल्या मारल्या, मधलं अंतर वाचलं:
चार पूर्णांक आठ.
तीन आठवड्यांनी सेंट जॉन्सला, सीटीच्या कड्यातून
तोच माणूस, तेच पोट, तोच निळा स्वेटर घडी करून माझ्या मांडीवर,
पाच पूर्णांक तीन.
मग कुणी तिसऱ्याने, ज्याला आम्ही कधी पाहिलंही नाही,
तीच चित्रं पुन्हा वाचली.
पाच.
नुसते पाच. पुढे शून्यसुद्धा लिहावंसं वाटलं नाही त्याला.

डॉक्टरीणबाईंनी पाकिटाच्या पाठीवर नळी काढून दाखवली.
भिंतीच्या आतून मोजलं तर एक, बाहेरून मोजलं तर दुसरं,
महारोहिणी तिरकी वळत असेल तर तिसरंच.
"साडेपाचपर्यंत थांबू. साडेपाचला ऑपरेशनचं बोलू."
मी वेड्यासारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

घर आठ तासांवर.
गँडर येईपर्यंत अँब्रोज बोलला नाही.
गँडरला चहाचा कागदी पेला दोन्ही हातांत धरून म्हणाला,
"अर्धा सेंटिमीटर म्हणजे किती, ते मला नका सांगू.
अर्ध्या सेंटिमीटरला आमच्याकडे दंड होतो."

त्याने सापळे भाच्याला दिले. क्लीटस चांगला मुलगा आहे,
पण दोर ओले गुंडाळतो; हा खिडकीतून बघतो आणि गप्प राहतो.
जड उचलायचं नाही. म्हणून लाकडं मी आणते,
तो बाथरूममध्ये असताना.
तो शिंकला की मी हातातलं काम सोडून
पुढचा श्वास येईपर्यंत उभी.
रात्री बेंबीच्या वर तळहात ठेवते. धप. धप.
चाळीस वर्षं याच ठोक्यावर मला झोप लागायची.

आकडे आम्ही वाटून घेतलेत.
चार-आठ त्याचा, पाच-तीन माझा.
पाच कुणाचाच नाही,
तो टेबलावर असतो, मीठदाणीखाली दुमडलेला.
चार-आठ घेऊन तो पुढच्या उन्हाळ्यात होडी रंगवायचं बोलतो.
पाच-तीन घेऊन मी कपाटात विम्याचे कागद शोधते
आणि विचारलंच तर सांगते, लोकर शोधतेय.
कधी पहाटे त्याची कूस बदलण्याची पद्धत ऐकून कळतं,
आज अदलाबदल झालीय.

रविवारी चर्चहून आले, तर हा स्वयंपाकघरातल्या दिवाणावर उताणा,
शर्ट छातीपर्यंत वर,
आणि पोटावर टेकवलेलं ते पितळी माप,
डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कडेपर्यंत
ज्याने त्याने पन्नास हंगाम शेवंडी मोजल्या.
"व्हर्ना," म्हणाला, "बारकी आहे गं. सोड परत पाण्यात."
मी हसले, टोपी न काढता, खुर्चीचा आधार घेऊन हसले.
तोही हसायला लागला, पोट गदगदा हलवत,
तशी मी ओरडले, हसू नकोस!

लग्नानंतरचा पहिला वसंत मी त्याच्या होडीवर काढला.
बारक्या माझ्या वाट्याला असायच्या.
एकेक कठड्यावरून सोडायची,
शेपटी आपटत ती उलटी खाली जायची, काळ्या पाण्यात, बघता बघता नाहीशी.
"सुटल्या," मी म्हणाले होते.
अँब्रोज माप पँटला पुसत होता.
"कात टाकतील," म्हणाला, "आणि येतील.
आमिषही आपलंच असतं."
तेव्हा ते मला मजेशीर वाटलं होतं.

नोव्हेंबरात पुन्हा तपासणी.
फोनवरच्या बाई म्हणाल्या, कुठेही चालेल, जिथे लवकर जमेल तिथे.
मी म्हटलं, नाही. कॉर्नर ब्रुक. तेच यंत्र,
आणि ती मुलगी, लाल चष्म्याची, तिला नाव विचारायचं राहिलं.
मापात पाप नसावं एवढं मागत नाही मी.
असलंच, तर दोन्ही वेळा
एकाच हाताचं असू दे.