हलू नका

बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, हलू नका.
हनुवटी जरा खाली. खांदे सरळ. डोळे मिटू नका.
अर्जुनीच्या बसस्टँडसमोर माझं दुकान,
मागे निळा पडदा, पुढे एक स्टूल,
ज्यावर सगळा तालुका एकदा तरी बसून गेलाय
आणि बसताच दगड झालाय.

हल्ली पहाटे पाटाच्या पुलाशी पालथा पडून असतो,
पोटाखाली युरियाचं रिकामं पोतं,
हातात सीताबर्डीहून आणलेली सेकंडहँड लेन्स.
आणि तिला काय सांगायचं ते मला येत नाही.

तारवाली भिंगरी. मुठीत मावेल एवढी.
पुलाच्या पोटाला चिखलाची वाटी चिकटवून राहते.
काताच्या रंगाची टोपी, पाठीवर सांडलेली शाई,
शेपटीतून निघालेल्या दोन बारीक तारा
ज्या माझ्या एकाही फोटोत आल्या नाहीत.
आलं ते हे –
उन्हाळी धानाची बांधी, कोरी.
आभाळ, कोरं.
आभाळाच्या उजव्या कडेला अर्धा पंख.
पाण्यावर एक वर्तुळ,
पाणी पिऊन गेल्याची पोच.
पहिल्या दिवशी सहाशे बारा फोटो.
रात्री सहाशे दहा पुसले.
बायको म्हणाली, दोन कशाला ठेवले?

चौथ्या दिवशी शेळ्यांमागचा एक पोट्टा थांबला.
नाव झनक. बराच वेळ माझ्या बोटाकडेच पाहत होता.
"तुमी तिच्या मांगं मांगं काहून धावता जी?
वारा कोनीकडून हाये थे पाहा.
वाऱ्याच्या तोंडावर येते तवा जड होते थे."
एवढं बोलून शेळ्यांना हाकत निघून गेला.

मी काठ बदलला.
वारा पाठीवर घेतला, आणि ती समोरून आली,
आठवडी बाजारात गर्दीच्या उलट निघालेल्या बाईसारखी
आधी खांदा काढत.
सेकंदाचे बत्तीसशे तुकडे केले होते,
त्यातल्या एकात ती सापडली.
दोन्ही तारा. चोचीत पाणकिडा. डोळ्यात उन्हाचा ठिपका.
पीस न् पीस मोजून घ्यावं.
दुकानात येऊन मोठं करून पाहिलं,
पाहत राहिलो,
माझ्याच स्टूलवर बसवल्यासारखी दिसली.

त्याच दुपारी रायवंताबाई नेवारे आल्या.
तेरवीला नवऱ्याचा फोटो पाहिजे होता.
पदराच्या गाठीतून मतदान कार्ड काढलं,
"पन हा नोको. हा कोन हाये मले मालूम नाही."
तो दसाराम मीच बसवला होता. हनुवटी खाली, खांदे सरळ.

मग जुनी हार्डडिस्क. बोंडगावचं एक लग्न.
नवरदेव, नवरी, मामा, दुसरा मामा, 
आणि कडेला, अर्धा चौकटीबाहेर,
वरणाची बादली घेऊन निघालेला कुणीतरी,
चेहऱ्याचा नुसता ओघळ झालेला,
हात आधीच पुढच्या पंगतीत.
"याचं मोठं नाही होणार बाई. हललाय."
त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.
"हाच काढा."
मी पुन्हा समजावलं. नाक कळणार नाही, डोळे कळणार नाहीत.
"जेवाले बसला तरी दोनदा उठे," त्या म्हणाल्या.
"हाच काढा."

बारा बाय पंधरा काढला.
फ्रेम ठोकताना खिळा दोनदा वाकला.

दुसऱ्या पहाटे पुन्हा पाट. पुन्हा तेच पोतं.
या वेळी शटर साठावर आणला,
पुस्तकात असं करू नका म्हणून लिहिलंय तिथं.
ती आली. मी तिच्यासोबत मान फिरवली,
मान, खांदे, कंबर, पोत्यासकट सगळा फिरलो.
स्क्रीनवर या खांबापासून त्या खांबापर्यंत
निळ्याचा एकच फराटा,
मागे बांधीचा हिरवा पाण्यासारखा वाहिलेला.
चोच कुठे, तारा कुठे, विचारू नका.

झनक वरून कठड्यावरून वाकला.
"आली का जी फोटोत?"

"गेली," मी म्हटलं,
आणि कॅमेरा त्याच्याकडे वर धरला.