एकोणसाठशे नंबरचं बंदर

सोसायटीच्या कॉम्प्युटरवर दोन हजार एकशे चौदा पॅकेजं निघाली.
मला लागतात ती बोटांवर मोजली:
डिझेलचा कोटा, बर्फाची उधारी,
लिलावाचं पुस्तक. आणि घड्याळ.

प्रिंटर दोन वर्षांमागेच खाऱ्या वाऱ्यानं गेला,
पण त्याची सेवा अजून रोज उठते,
कागदाची वाट बघत बसते.
ती काढली. ब्लूटूथ काढलं.
फायली पाठवायचं ते जुनं, पासवर्ड उघडाच नेणारं, तेही.
झाकण नसलेल्या टोपलीतून बांगडे न्यावेत
आणि कावळ्यांना म्हणावं, बघू नका.

भिकाजीकाका कोयंडे खुर्चीत रेलून:
"कित्याक गो काढतंस, हर्षाली?
ऱ्हवांदे थयसर. खावक मागता काय ता?"
खायला नाही मागत, काका.
कडी लावत नाही, एवढंच.

एकाला हात घातला तर मशीन म्हणालं,
याच्यासोबत त्र्याऐंशी जातील,
पडद्यावरच्या अक्षरांसकट.
काढू? हो की नाही?
नाही, बाबा. नाही.

मग लॉग उघडला.
दर शुक्रवारी, रात्री दोनला, कुणीतरी येतं
एकोणसाठशे नंबरच्या पोर्टातून.
(पोर्ट म्हणजे बंदरच की.
आनंदवाडीत बसून हे मला त्या दिवशी सुचलं.)
काही उचलत नाही, काही मोडत नाही.
पुस्तकात 'सातेरी प्रसन्न'चं पान काढतं,
सुरमई किती, भाव काय,
आठ मिनिटं थांबतं
आणि जातं.

पत्ता मस्कतचा.
माझ्याआधी या खुर्चीत रोहिदास धुरत बसायचा.
बोट त्याच्या बापाची.

फोनवर तो आधी बराच वेळ बोललाच नाही.
मग: "बाबा माका सगळा बराच सांगतत.
पुस्तक खोटा सांगणा नाय."

मी म्हटलं, रोहिदास,
तू येतोस त्या वाटेनं कुणीही येईल,
आणि पासवर्ड तर बोटीच्या मागच्या फळीवर रंगवलाय.
"काढ," तो म्हणाला. "मियाच काढूक होया होता, जाताना."

नुसतं काढलं तर सेटिंग मागे राहतं,
माणूस गेल्यावर खुंटीवरचा शर्ट राहतो तसं.
म्हणून दुसरी आज्ञा दिली, मुळासकटची.
चार सेकंद लागली.
पोर्टाला भिंत घातली, येईल त्याची नोंद ठेव म्हटलं.

या आठवड्यात 'सातेरी प्रसन्न'च्या पानावर
तारली, तीन टोपल्या. डिझेल उधार.
हे त्याला कळवायचं की नाही,
ते कुठल्याच यादीत नव्हतं.

शनिवारी सकाळी नोंद बघितली.
दोन वाजून चार मिनिटं. एक ठोका. नाकारला.
पुढे पत्ता असतो, कुठून आला त्याचा.
तिथवर पडदा सरकवला नाही अजून.
खाली लिलाव सुरू झाला होता,
काका भाव ओरडत होते,
मी पुस्तक उघडलं.